टाचणीवरचा इतिहास : साग, कोसा, कापूस आणि एक इवलीशी गांधीलमाशी

१/
चंद्रपूर आणि गडचिरोलीचा इतिहास सांगताना आपण गोंड राजांपासून आरंभ करतो, नागपूरकर भोसल्यांकडे वळतो, १८५४ मध्ये आलेल्या इंग्रजी अमलापाशी थबकतो आणि कोळसा, कागद व सागवान यांच्यापाशी येऊन थांबतो. आजच्या धाग्याची नायिका यांपैकी कोणत्याच प्रकरणात बसत नाही. तिची लांबी तांदळाच्या दाण्याच्या निम्म्याएवढी. ती एक गांधीलमाशी आहे. खरे तर अशा अनेक आहेत. अशा जिवाला 'नवी जात' म्हणून प्रथमच नाव दिले जाते तेव्हा नेमके काय घडते, हा आजचा प्रश्न. माझे म्हणणे असे की, तेव्हा भूतकाळाविषयी एक विधान केले जाते आणि इतिहासातील कोणत्याही विधानाप्रमाणे ते पुढे खोटेही ठरू शकते.

२/
प्रथम ओळख करून घेऊ. गांधीलमाशी म्हटले की वळचणीला लटकणारे पोळे आणि डंखाची आग आठवते. आपल्या नायिका त्या कुळाच्या रीतीने राहत नाहीत. त्या एकेकट्या वावरतात आणि माणसाच्या वाटेला जात नाहीत. मादी दुसऱ्या एखाद्या किड्याच्या अळीत, कोषात किंवा अंड्यात आपले अंडे घालते. त्यातून निघालेली अळी यजमानाला खात वाढते आणि तिची वाढ पुरी होते तेव्हा यजमानाचा अंत झालेला असतो. उवा किंवा गोचीड सहसा यजमानाला मारत नाहीत. वाघ एका आयुष्यात अनेक प्राणी मारतो. ही माशी या दोहोंच्या मधली. म्हणून १९१३ मध्ये फिनलंडचे कीटकशास्त्रज्ञ ओ. एम. रॉयटर यांनी तिच्यासाठी 'पॅरासिटॉइड' हा स्वतंत्र शब्द घडवला. आपल्या कृषिपुस्तिकांत मात्र 'परोपजीवी मित्रकीटक' हा शब्द रूढ आहे. 'मित्र' कोणाचा, हा प्रश्न पुढे येईलच.

३/
हा जीवनक्रम आपल्याकडे अगदीच अपरिचित होता असे नाही. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू येतात. त्यांतील शेवटचा गुरू म्हणजे मातीचे घर बांधणारी माशी, आपली कुंभारीण. तिने घरट्यात कोंडलेला किडा भयाने तिचेच ध्यान करतो आणि अखेर तिचेच रूप पावतो, अशी ती कल्पना. हाच कीटभृंगन्याय. एकनाथांनी याच स्कंधावरील मराठी टीका १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली आणि हा दृष्टांत मराठी कीर्तनात कायमचा वस्तीला आला. यातले निरीक्षण अचूक आहे: आत गेली अळी, बाहेर आली माशी. मधली पायरी, म्हणजे माशीने घातलेले अंडे, तेवढी नजरेतून सुटली.

४/
यावरून कोणी पूर्वजांना हसू नये. सतराव्या शतकातील युरोपातही हाच गोंधळ होता. नेदरलंड्सचे योहान्स गोडार्ट सुरवंट पाळून त्यांची चित्रे काढीत. एकाच प्रकारच्या सुरवंटातून कधी फुलपाखरू निघे, तर कधी माश्यांचा थवा. सुरवंटाला दोन प्रकारची संतती होते, असा अर्थ त्यांनी लावला. पुढे इटलीतील वालिस्निएरी आणि डेल्फ्टचे लेवेनहूक यांच्या निरीक्षणांनी अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर हे कोडे सुटले. पुरावा सर्वांपुढे तोच होता. वाचन निरनिराळे होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही परिस्थिती चांगली ओळखीची आहे.

५/
आता चांदा जिल्ह्याकडे येऊ. (गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी, तोवर हा सारा प्रदेश एकच होता.) १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांची जी व्यवस्था उभी राहिली, तिच्या केंद्रस्थानी साग होता. आलापल्लीच्या जंगलातील सागाची ख्याती आजही आहे. १९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशाह लोहमार्ग पूर्ण झाला, दिल्ली आणि मद्रास थेट जोडले गेले आणि बल्लारशाह त्या हमरस्त्यावर आले. बल्लारपूरच्या आगाराचे महत्त्व अजून ओसरलेले नाही. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान रवाना झाले ते येथूनच. जेथे झाडाची किंमत घनफुटात मोजली जाते, तेथे त्याचे पान खाणारी अळी हा सरकारी प्रश्न होतो.

६/
सागाची पाने खाणाऱ्या दोन अळ्या मुख्य आहेत. हिब्लिया प्युएरा या पतंगाची अळी पावसाळ्याच्या आरंभीच्या कोवळ्या पानांवर तुटून पडते आणि शिरांखेरीज फारसे काही ठेवत नाही. दुसरी अळी पावसाळा उतरताना येते. ती शिरांचे जाळे तसेच राखून मधला गर खाते. भाद्रपद-आश्विनात आपल्याकडे सागाचे अख्खे डोंगर अवेळी तपकिरी दिसू लागतात आणि पान उचलून उन्हात धरले तर ते जाळीदार कापडासारखे दिसते, ती हिची करामत. पुस्तकांत तिचे नाव दीर्घकाळ 'मकेरॅलिस' असे येते. हे नाव लक्षात ठेवावे. त्यावर एक गोष्ट अवलंबून आहे.

७/
डेहराडूनची वन संशोधन संस्था १९०६ मध्ये स्थापन झाली. तेथे दीर्घकाळ वनकीटकशास्त्रज्ञ असलेले सी. एफ. सी. बीसन हे या कथेतील एक प्रमुख पात्र. ऑक्सफर्डच्या शाळेत ते आणि पुढे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स मित्र होते; दोघे मिळून जुन्या चर्चमधील पितळी पत्र्यांचे ठसे घेत हिंडत. निवृत्तीनंतर बीसन यांनी इंग्लंडमधील चर्चच्या जुन्या घड्याळांचा इतिहास लिहिला आणि १९७१ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे आयुष्याच्या दोन्ही टोकांना हा माणूस पुराभिलेखांत रमणारा होता. मधली तीन दशके त्याने भारतीय जंगलांतील किड्यांची अशीच दफ्तरे लावली. १९४१ चा त्यांचा वनकीटकांवरील ग्रंथ आजही आधाराला घेतला जातो.

८/
बीसन यांच्या कामाची रीत साधी आणि चिकाटीची होती. जंगलातून अळ्या गोळा करायच्या, जाळीच्या पेटीत पाने घालून वाढवायच्या आणि काय बाहेर पडते ते पाहायचे. पुष्कळदा पतंगाऐवजी माशीच बाहेर पडे. या माश्यांना नावेच नव्हती. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेत गांधीलमाश्या, मधमाश्या आणि मुंग्या यांचे खंड आधीच निघाले होते. त्यांचे लेखक चार्ल्स बिंगहॅम हे स्वतः ब्रह्मदेशातील वनाधिकारी होते. परंतु अतिसूक्ष्म परोपजीवी माश्यांचा फार मोठा भाग त्या खंडांच्या बाहेरच राहिला होता. त्यामुळे नमुने टाचणीला लावून लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठवणे हाच मार्ग होता.

९/
तेथे डी. एस. विल्किन्सन होते. १९२८ मध्ये त्यांनी अपँटेलिस या प्रजातीच्या भारत ते ऑस्ट्रेलिया या पट्ट्यातील जातींची फेरतपासणी प्रसिद्ध केली. तीत अनेक नव्या जाती होत्या आणि त्यांतील एक होती अपँटेलिस मकेरॅलिस: सागाचे पान जाळीदार करणाऱ्या अळीत वाढणारी, काळपट, दोन-तीन मिलिमीटरची माशी. शतकानुशतके सागाच्या पानावर वावरत आलेला हा जीव त्या वर्षी कागदावर अस्तित्वात आला.

१०/
'वर्णन' या शब्दाचा येथे विशिष्ट अर्थ आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पंखांच्या शिरांचे परस्पर प्रमाण मोजायचे, शृंगिकेचे सांधे मोजायचे, पाठीवरच्या खाचांची ठेवण आणि अंडनलिकेची लांबी टिपायची आणि ही आजवर नोंदलेल्या प्रत्येक जातीपेक्षा कशी वेगळी आहे ते सांगायचे. मग एक नमुना निवडायचा. तो त्या नावाचा कायमचा साक्षीदार. त्याला नामधारक नमुना म्हणू. त्याच्या टाचणीवर बोटाच्या नखाएवढी चिठ्ठी असते: स्थळ, दिनांक, यजमान, गोळा करणारा. पुढे कधीही वाद उद्भवला तर ग्रंथातील शब्द बाजूला ठेवून त्या टाचणीकडे जावे लागते. शिलालेखाच्या वाचनाविषयी मतभेद झाल्यावर आपण छापील पाठ मिटून मूळ दगडाकडे जातो, त्यातलाच हा प्रकार.

११/
'मकेरॅलिस' हे नाव माशीला तिच्या यजमानावरून मिळाले. गंमत अशी की, यजमानाचे नाव स्थिर राहिले नाही. वॉकरने १८५९ मध्ये वर्णन केलेला हा पतंग आधी पायरॉस्टा, मग हॅपेलिया, मग युटेक्टोना आणि पुढे पॅलिगा अशा निरनिराळ्या प्रजातींत फिरत राहिला. घराण्याचे आडनाव पुन्हा पुन्हा बदलले. माशीच्या नावात गोठलेला जुना संबंध मात्र तसाच राहिला. एखाद्या गावाची नदी पात्र बदलून दूर जावी आणि गावाच्या नावात 'संगम' तेवढा उरावा, तशी ही गोष्ट.

१२/
विल्किन्सन यांनीच १९३४ मध्ये आणखी एका माशीला नाव दिले: सेड्रिया पॅराडॉक्सा. ही जात तर नवी होतीच, प्रजातीही नवी होती. हीसुद्धा सागावरील त्याच अळीची शत्रू. बीसन आणि त्यांचे सहकारी एस. एन. चटर्जी यांनी १९३५ मध्ये या गटाच्या जीवनक्रमावर निबंध प्रसिद्ध केला. सेड्रियाची मादी अळीवर अंडी घालून निघून जात नाही. ती आपल्या पिलांपाशी राखण करीत थांबते. या जगात असे मातृत्व विरळ. लंडनमधील टाचणीवर ही गोष्ट कधीही दिसली नसती. ती पेटीजवळ दिवसेंदिवस बसून पाहणाऱ्यालाच दिसली. नाव देणे हे काम निम्मेच असते, असे मला वाटते ते यामुळे.

१३/
आता व्यवहाराचा भाग. नाव मिळाले म्हणून काय साधले? १९३४ मध्ये बीसन यांनी सागाच्या पानखाऊ अळ्यांच्या जैविक नियंत्रणावर लेख लिहिला. त्यांचा युक्तिवाद असा: सागावर अळी वर्षातील थोडेच महिने असते, परोपजीवी माशीला उरलेले महिने दुसऱ्या यजमानावर काढावे लागतात. हे दुसरे यजमान सागाखालच्या झुडपांवर आणि इतर झाडांवर जगतात. म्हणजे केवळ सागाच्या ओळी लावून खालचे सारे रान साफ केले, तर अळीला मेजवानी आणि माशीला उपवास. म्हणून लागवडीच्या मधूनमधून नैसर्गिक जंगलाचे पट्टे राखावेत आणि उपयुक्त झुडपे तोडू नयेत, असा त्यांचा सल्ला होता.

१४/
हा युक्तिवाद नावांशिवाय उभाच राहू शकत नाही. सागावरील अळीतून निघालेली माशी आणि शेजारच्या झुडपावरील अळीतून निघालेली माशी एकच आहे, हे सांगण्यासाठी ती माशी कोणती ते आधी ठरलेले असावे लागते. येथे वर्गीकरण हा कपाटातील छंद राहत नाही. जंगल कसे राखावे याचा तो आधार होतो. प्रश्न किती पैशाचा होता तेही पाहू. केरळ वन संशोधन संस्थेने निलंबूरच्या तरुण लागवडीत केलेल्या आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हिब्लियापासून संरक्षण न मिळालेल्या झाडांची लाकूडवाढ सुमारे ४४ टक्के घटलेली आढळली. जाळीदार पाने करणाऱ्या अळीचा परिणाम मात्र तेथे नगण्य ठरला. डोळ्यांना जे भयंकर दिसते ते झाडाला तितके भोवतेच असे नाही.

१५/
गडचिरोलीत या चर्चेचे एक जिवंत परिशिष्ट आहे. आलापल्लीजवळ सुमारे सहा हेक्टरांचा जुन्या जंगलाचा तुकडा 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' म्हणून राखला गेला. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. लोक तेथे जातात ते उंच सागाचे खोड पाहायला, मान वर करून. मान खाली घालून पाहिले तर खाली बीसन ज्याविषयी बोलत होते ते दिसते: वेली, झुडपे, कुजणारी पाने आणि त्यांच्यावर जगणारे असंख्य बिननावाचे जीव.

१६/
आता 'मित्र कोणाचा?' या प्रश्नाकडे येऊ. याच जंगलात ऐनाचे झाड आहे. आमच्याकडे त्याला येन म्हणतात. येन आणि अर्जुन यांच्यावर टसर रेशमाचे किडे पाळले जातात. आरमोरी, सिंदेवाही या भागांत ढिवर समाजाने ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. तेथे परोपजीवी गांधीलमाशी शत्रू आहे. झँथोपिम्प्ला पेडेटर ही पिवळीधमक माशी किडा कोष विणत असताना त्यात अंडे घालते. ही तुलनेने मोठी आहे. फाब्रिशियसने अठराव्या शतकातच तिचे वर्णन केले होते. सागावर माशी आली की वनखात्याला आनंद. शंभर पावलांवरच्या येनावर तिची बहीण आली की कोसा पाळणाऱ्याच्या घरी काळजी. 'मित्रकीटक' हा शब्द कीटकाविषयी काहीच सांगत नाही. तो बोलणाऱ्याच्या पिकाविषयी सांगतो.

१७/
माझे आजोळ आरमोरीच्या बाजूचे. आजी कोसा तळहातावर घेऊन कानाजवळ हलवीत असे. आतला जीव नीट असेल तर विशिष्ट जड आवाज येई. नसेल तर ती काही न बोलता तो कोष वेगळ्या टोपलीत टाकी. भोक पडलेल्या कोषाचा धागा सलग निघत नाही, म्हणून त्याला भाव नाही. त्या वेगळ्या टोपलीचे वजन हा तिच्या वर्षाचा ताळेबंद होता. तिला पिवळ्या माशीचे लॅटिन नाव ठाऊक नव्हते. पण ती कोणत्या पंधरवड्यात येते, झाडाच्या कोणत्या बाजूला येते आणि तिच्यासाठी पहाटे किती वाजता झाडाखाली जावे लागते, हे सारे ठाऊक होते. मी इतिहास शिकू लागले तेव्हा लिखित साधन आणि मौखिक साधन यांवरचे व्याख्यान ऐकताना मला पहिल्यांदा ती टोपली आठवली.

१८/
पूर्वेकडचे जंगल सोडून पश्चिमेला वरोरा, राजुरा, कोरपन्याकडे निघालो की कापूस लागतो आणि कथा एकविसाव्या शतकात येते. २००५ च्या सुमारास पाकिस्तान आणि भारतातील कापसावर पांढरा, पिठासारखा थर असलेल्या किडीने थैमान घातले: पिठ्या ढेकूण. पाकिस्तानात ती नवी जात समजली गेली आणि तिला कापसावरून नावही दिले गेले. २००८ मध्ये हॉजसन आणि त्यांच्या पाकिस्तानी सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ही फेनाकोकस सोलेनॉप्सिस आहे. टिन्सली यांनी १८९८ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिकोतून, मुंग्यांच्या वारुळात सापडलेल्या नमुन्यांवरून तिचे वर्णन केले होते. नावातील 'सोलेनॉप्सिस' ही ती मुंगी. म्हणजे 'नवी' कीड एकशेदहा वर्षे जुनी आणि सातासमुद्रांपलीकडची निघाली.

१९/
नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या चमूने नऊ राज्यांतील ४७ ठिकाणी पाहणी केली. २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तपासलेल्या नमुन्यांपैकी ९५ टक्के पिठ्या ढेकूण याच अमेरिकी जातीचे होते. त्याच सुमारास संशोधकांना शेतात काही ढेकूण लालसर तपकिरी, फुगलेले आणि कडक झालेले आढळू लागले. त्यांच्या पाठीला गोल भोक पडून सुमारे दोन मिलिमीटरची काळी गांधीलमाशी बाहेर येई. २००८ मध्ये तिची नोंद झाली. अलीगढचे मोहम्मद हयात हे या सूक्ष्म माश्यांचे थोर जाणकार. त्यांनी २००९ मध्ये नवी जात म्हणून तिचे वर्णन केले आणि राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचे तत्कालीन संचालक ओ. एम. बंबावाले यांच्या सन्मानार्थ नाव ठेवले: एनासियस बंबावालेई.

२०/
मराठी कानाला ओळखीचे आडनाव जगभरच्या शोधनिबंधांत झळकू लागले. फवारणीने जे साधले नव्हते त्यातले पुष्कळसे या माशीने साधले आणि पिठ्या ढेकणाचा जोर ओसरला. स्वाभाविकपणे एक सुखद कथा आकाराला आली: परकी कीड आली आणि भारतातील एका अनाम माशीने तिला अडवले. २०१४ मध्ये इराणमधील माश्यांचा अभ्यास करणाऱ्या फलाहजादेह आणि सहकाऱ्यांनी या कथेचा पाया काढून घेतला. एनासियस बंबावालेई आणि एनासियस ॲरिझोनेन्सिस या एकच होत, असे त्यांनी दाखवले. दुसरे नाव ए. ए. जिरॉ यांनी १९१५ मध्येच दिलेले होते. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार आधीचे नाव ग्राह्य. बंबावाले हे नाव समनामांच्या यादीत गेले.

२१/
जिरॉ हे स्वतंत्र धाग्याचे पात्र आहे. जन्माने अमेरिकी, कर्मभूमी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड. तीन हजारांहून अधिक जातींची वर्णने त्यांनी केली; पैशाअभावी आणि वरिष्ठांशी बेबनाव झाल्याने अनेक स्वखर्चाने, लहान लहान पत्रकांतून छापली. एका वरिष्ठाचा सूड म्हणून त्याच्या नावाने अस्तित्वातच नसलेल्या, पोकळ कीटकाचे उपरोधिक वर्णनही छापले. १९४१ मध्ये ब्रिस्बेनजवळच्या मनोरुग्णालयात त्यांचा अंत झाला. त्यांची वर्णने त्रोटक आणि नमुने विस्कळीत असल्याने नंतरच्या पिढ्यांना आजही त्यांच्या मागे मागे जावे लागते. शतकभरानंतर दुसऱ्या खंडात सापडलेली माशी त्यांच्या यादीतली आहे हे चटकन ध्यानात न येणे, यात नवल नाही आणि हयात यांच्या विद्वत्तेला त्याने उणेपणाही येत नाही.

२२/
माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा असा. २००९ चे नाव मान्य केले तर इतिहास सांगतो: स्थानिक माशीने परक्या किडीशी जुळवून घेतले. २०१४ चे नाव मान्य केले तर तो सांगतो: जुना पाठलाग करणारा आपल्या सावजामागोमाग अमेरिकेतून येथवर पोहोचला, कोणी सोडले नाही, कोणी परवाना दिला नाही, बहुधा ढेकणाच्या पोटातूनच तो आला. दोन्ही कथांत शेत तेच, कीड तीच, माशी तीच. फक्त नाव बदलले आणि कार्यकारणभाव उलटा झाला. पुढे एखादी नवी कीड आली तर 'येथलेच कोणीतरी तिला आवरेल' म्हणून वाट पाहावी की तिच्या मूळ देशात तिचा शत्रू शोधावा, हा निर्णय या दोन वाचनांपैकी कोणते खरे मानता यावर ठरतो.

२३/
चुकीच्या नावाची किंमत आपण याआधीही मोजली आहे. आज शेतकरी जे 'ट्रायकोकार्ड' पिकात टाचतात, त्या एका कार्डावर सुमारे वीस हजार अंडी असतात आणि प्रत्येकीत अर्ध्या मिलिमीटरची ट्रायकोग्रामा माशी वाढत असते. काही दशके आपल्या देशातील ही माशी कधी मिन्युटम, कधी इव्हानेसेन्स, कधी ऑस्ट्रॅलिकम अशा परदेशी जातींच्या नावांनी प्रयोगांत वापरली गेली. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. १९७१ मध्ये सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांनी बेंगळुरूहून दाखवून दिले की, नराच्या जननेंद्रियाची रचना पाहिली तर जाती ओळखता येतात. १९७९ मध्ये त्यांनी चिलोनिस या नावाचा निवाडा केला. तेच नाव आज कार्डावर छापलेले असते. जुन्या प्रयोगांचे आकडे वाचताना मात्र आधी विचारावे लागते: ही माशी नेमकी कोणती होती?

२४/
वर्णनाचे केंद्रही सरकत गेले. विल्किन्सनच्या काळी नामधारक नमुने लंडनला जात. पुढे औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात पी. के. निकम यांनी आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात टी. व्ही. साठे यांनी परोपजीवी माश्यांच्या नव्या जातींची वर्णने महाराष्ट्रात बसून केली. २००२ च्या जैवविविधता कायद्याने तर शोधकाला बंधनच घातले: नवी जात सापडली की तिची माहिती आणि नमुना शासनाने नेमलेल्या भारतीय संग्रहालयात जमा झाला पाहिजे. ज्या टाचणीकडे वाद मिटवायला जायचे ती टाचणी आता दूर नाही. वसाहतोत्तर इतिहास आपण पुतळ्यांत आणि रस्त्यांच्या नावांत शोधतो. तो कीटकांच्या पेट्यांतही आहे.

२५/
तरीही त्या नखाएवढ्या चिठ्ठीवर एक रकाना मला खटकत राहतो: 'गोळा करणारा'. तेथे बहुतेक वेळा अधिकाऱ्याचे नाव असते. अळी कोणत्या झाडावर आहे हे दाखवणारा, फांदी वाकवून धरणारा, पेटीत रोज ताजी पाने घालणारा माणूस त्या रकान्यात मावत नाही. आपल्या दोन जिल्ह्यांत आजही एखादा संशोधक नवी जात शोधायला जंगलात उतरला, तर त्याच्या पुढे वाट दाखवत चालणारा कोणीतरी असतोच. चिठ्ठीवर आणखी एक ओळ सहज बसते. ती लिहिण्याची पद्धत पडली, तर शंभर वर्षांनी माझ्यासारख्या एखाद्या विद्यार्थिनीचे काम सोपे होईल.

२६/
गेल्या दिवाळीत आजोळी गेले तेव्हा आजीला झँथोपिम्प्लाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर दाखवले. तिने पडदा डोळ्यांपासून दूर धरला, क्षणभर पाहिले आणि म्हणाली, "हीच ती. पण पंख असे पसरून बसत नाही ती." छायाचित्र टाचलेल्या नमुन्याचे होते.

धागा येथे संपवते. आपल्या भागात सागावर, धानावर किंवा कोशावर दिसणाऱ्या अशा माश्यांना बोलीभाषेत, माडिया, गोंडी, झाडीबोली कोणत्याही भाषेत, काही नाव असेल तर ते गाव आणि झाड यांसह जरूर कळवा. मी वहीत नोंदवून ठेवत आहे.